नाव सांग

माझ्या नवऱ्याला आख्खी गल्ली डॉक्टर म्हणते आणि तो कुणाची चूक दुरुस्त करत नाही. आहे औषधाचं दुकान. खाली दुकान, वर आमचं घर. पण काउंटरमागे उभा राहिला की छाती अशी पुढे काढतो, समोरच्याला वाटावं आता नाडी बघणार. पोट दुखतंय? ही घ्या. कंबर? ही घ्या, जेवल्यावर. जांघेत खाज? मग आवाज खाली, डोळा बारीक, आणि मागच्या फळीवरून एक ट्यूब. लग्न होऊन आल्यापासून मी त्याच्या शेजारी त्याच काउंटरवर उभी आहे. त्यामुळे ही डॉक्टरकी मला आतून-बाहेरून पाठ आहे.

त्या ट्यूबचं आधी सांगते.

मला खाली, लघवीच्या जागेपाशी, टोचल्यासारखं व्हायला लागलं आणि मग पाण्याचे बारीक फोड आले, घोळक्याने. अंगात ताप, जांघेत गाठी, आणि लघवीला बसलं की डोळ्यांपुढे काजवे. भिंतीला हात टेकून, ओठ दातांखाली धरून बसायचे. असलं बाईमाणूस सांगणार कुणाला? नवऱ्याला सांगितलं. घरात डॉक्टर आहे ना! त्याने बघितलंसुद्धा नाही. "घामाने होतं, ही लाव," म्हणाला आणि मागच्या फळीवरची तीच गजकर्णाची ट्यूब हातावर ठेवली. मी लावली. फोड फुटले, एकमेकांत मिसळले, नुसत्या जखमा झाल्या. परत सांगितलं तर म्हणतो, "कमी लावत असशील. जरा जास्त लाव."

शेवटी त्याला न विचारता मी चौकापलीकडच्या स्किनच्या डॉक्टरीणबाईंकडे गेले. त्यांनी पडदा ओढला, दिवा खाली घेतला, बघितलं आणि विचारलं, "ह्यावर काय लावलंत?"

मी ट्यूबचं नाव सांगितलं.

"कुणी दिली?"

"नवऱ्याने."

"आजपासून बंद. तिच्यात स्टेरॉइड आहे. आगीत तेल ओतल्यासारखं झालंय हे." मग एका फोडातलं पाणी कापसाच्या काडीवर घेतलं, तपासायला पाठवते म्हणाल्या. रक्तही घेतलं, बाकीचे आजार नाहीत ना ते बघायला. गोळ्या लिहून दिल्या. "हर्पिस वाटतोय. घाबरू नका, ह्याने जीव जात नाही. रिपोर्ट आला की नवऱ्याला घेऊन या, दोघांना एकदमच समजावते."

आता माझी अक्कल बघा. चौकात दुसरं दुकान होतं. तिथून गोळ्या घ्याव्यात, घरी यावं, गुपचूप गिळाव्यात. पण औषधवाल्याची बायको दुसऱ्याच्या काउंटरवर उभी राहिली तर गल्लीत काय बोलतील, हे माझ्या डोक्यात! मी चिठ्ठी घेऊन सरळ आमच्याच दुकानात आले आणि नवऱ्यापुढे सरकवली.

समोर एक आजोबा खोकल्याचं औषध घ्यायला उभे होते. नवऱ्याने चिठ्ठी वाचली आणि त्याचा हात बाटलीवरच थांबला.

ते का, हेही सांगायला हवं. आमच्या धंद्यात माणूस तोंडाने कमी बोलतो आणि त्याची गोळी जास्त बोलते. चिठ्ठीतल्या त्या गोळीचं गिऱ्हाईक आलं, की नवरा पाकीट कागदात गुंडाळून द्यायचा, अगदी सभ्यपणे. ते पायरी उतरलं की मला कोपर मारायचा. "बघितलंस? हा बाहेर तोंड मारतो." किंवा, "ह्याच्या बायकोला पत्ता नाही, बिचारी." एका बाईने नेली तेव्हा तर दिवसभर तोच विषय. गोळी बघून मी माणूस ओळखतो, हे त्याचं आवडतं वाक्य. मीही हसायचे, खोटं कशाला बोलू.

त्या दिवशी त्याने गोळी बघून मला ओळखलं.

"आजोबा, दिवसातून दोनदा, एक-एक चमचा," आजोबांकडे हसून बघत तो म्हणाला, आणि मान माझ्याकडे वळवून दात न उघडता, "कुठे शेण खाल्लंस?"

"काय?"

"हळू. ही गोळी कोण घेतं मला माहीत आहे."

"अहो, डॉक्टरीणबाईंनी दिलीय. तुमच्या त्या ट्यूबने—"

"कोमट पाण्याबरोबर, आजोबा. थंड अजिबात नको," तो म्हणाला. आजोबा पायरी उतरायच्या आत परत माझ्याकडे. "नाव सांग."

"कुणाचं नाव?"

"ज्याच्याकडून आणलंस त्याचं."

तेवढ्यात एक तरुण आई तान्हं बाळ घेऊन आली, बाळाच्या पोटदुखीवरचे थेंब हवेत म्हणून. नवरा बाळाच्या गालाला बोट लावून "काय रे लबाडा" म्हणाला. थेंब दिले. किती द्यायचे ते दोनदा समजावलं. आणि ती गेली तशी माझं मनगट काउंटरखाली पकडून म्हणाला, "मी स्वच्छ आहे. मला कुठेही काही नाही, कधी नव्हतं. मग हे आलं कुठून? आभाळातून पडलं?"

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. ह्या दुकानाच्या बाहेर मी जाते कुठे? वर स्वयंपाक, खाली काउंटर. दुपारी शटर अर्धं ओढतो तेवढाच वेळ मोकळा, तो फरशी पुसण्यात जातो. ह्यात मी यार कुठल्या फळीवर ठेवला होता, कफ सिरपच्या मागे? हे मी त्याला तोंडावर विचारलं. जोरातच विचारलं, कारण मनगट दुखत होतं. समोरून जाणारा दूधवाला वळून बघायला लागला, तेव्हा कुठे त्याने हात सोडला.

एवढं करून गोळ्या त्याने दिल्याच नाहीत. मी स्वतः खण उघडला आणि पट्टी काढून घेतली.

दुसऱ्या दिवसापासून घरात कोर्ट बसलं. त्याने आईला सांगितलं. माझ्या सासूबाई म्हणजे स्वच्छतेचा अवतार. नळाची तोटीसुद्धा कोपराने बंद करतात. त्यांनी एक शब्द न बोलता माझी बादली वेगळी केली. मग कप. मग टॉवेल वाळत घालायची दोरी. संडासात मी जाऊन आले की मागोमाग फिनेलची बाटली घेऊन स्वतः जायच्या, गुडघे दुखत असताना. आणि तिसऱ्या कुणाशी तरी बोलल्यासारखं भिंतीला सांगायच्या, "चांगल्या घरात असले रोग येत नाहीत. आणावे लागतात."

"आई, मी काही आणलेलं नाही."

"माझ्याशी बोलू नकोस. तोंडाची वाफ लागेल."

नवऱ्याने निकाल दिला तो असा. मी नाव सांगायचं. नाही सांगितलं तर रविवारी माझ्या भावाला बोलावून घेणार, त्याने मला घेऊन जायचं. आणि आमची मुलगी, हॉस्टेलवर राहून शिकते, ती सुट्टीला घरी आली की आई कुठे गेली हे तिला तो सांगणार. "सगळं सांगणार," म्हणाला. "मुलगी मोठी झालीय. तिला कळू दे आपली आई काय चीज आहे."

नाव, घर, हे सगळं एकवेळ गेलं तरी माणूस जगतो. पण माझी पोरगी माझ्याकडे बघून तोंड फिरवेल, हे मला सोसवणार नव्हतं. मी हात जोडले. हो, जोडले. त्या माणसापुढे, स्वयंपाकघरात, कणकेच्या हातांनी. म्हटलं, "तिला काही सांगू नका. रिपोर्ट येऊ द्या. डॉक्टरीणबाई काय म्हणतात ते ऐका, मग हवं ते करा." तो म्हणाला, "येतो ना. त्या बाईच्याच तोंडून ऐकू दे मला."

त्या आठवड्याच्या जागरणाने आणि संतापाने म्हणा, त्याच्या खालच्या ओठावर उठलं. हे त्याला नेहमीचं. ताप आला, उन्हात फिरला, दगदग झाली, की ओठाच्या कडेला फोडांचा पुंजका येतो. उष्णता म्हणतो तो. पुढच्या फळीवरची, लिप बाम असतात तिथली एक छोटी ट्यूब आहे, ती लावली की बसतं. तर त्या पांढऱ्या मलमाचा ठिपका ओठावर मिरवत, इस्त्रीचा शर्ट घालून, हा माझा न्यायाधीश माझ्याबरोबर दवाखान्यात आला.

डॉक्टरीणबाईंनी आम्हाला बसवलं. आधी माझं रक्त स्वच्छ आहे, बाकी काही नाही, ते सांगितलं. मग म्हणाल्या, "फोडातल्या पाण्यात हर्पिसचा विषाणू सापडलाय. पहिल्या प्रकारचा."

"म्हणजे बाहेरचाच ना?" नवरा म्हणाला. "एड्स, चामखिळी, हे, सगळे एकाच वाटेने येतात. आम्हाला शिकवू नका, आमचा हाच धंदा आहे."

"धंदा विकायचा आहे तुमचा. ते तीन वेगवेगळे विषाणू आहेत, एक झाला म्हणजे दुसरा होतो असं नाही." बाई शांतच होत्या, पण डोळे त्याच्या ओठावर होते. "तुमच्या ओठाला काय झालंय?"

"हे? उष्णता. लहानपणापासून येते. आमच्या घराण्यातच आहे, आईलाही येते."

"काय लावता?"

त्याने मलमाचं नाव सांगितलं. अगदी ऐटीत, कंपनीसकट.

"त्यात औषध कुठलं?"

"असायक्लोविर."

"आणि मी ह्यांना लिहून दिलेल्या गोळीत?"

त्याचं बोट ओठावरच्या मलमाकडे गेलं. दोन्हीत असायक्लोविरच, आणि दोन्ही औषधं ह्याने स्वतःच्या हातांनी दुकानात मांडलेली. पण एक पुढच्या फळीवर, लिप बामशेजारी, सभ्य लोकांसाठी. दुसरं मागच्या खणात, बदनाम लोकांसाठी. नाव एकच असलं तरी दोन फळ्यांच्या मधली जागा ह्याच्या डोक्यातसुद्धा तेवढीच लांब होती.

"ती उष्णता नाही," बाई म्हणाल्या. "तो हर्पिसच. जगातल्या निम्म्याहून जास्त लोकांच्या अंगात हा पहिला प्रकार असतो. बहुतेकांना लहानपणीच मिळतो. घरातल्या कुणीतरी मुका घेतलेला असतो, एवढंच. मग तो मज्जातंतूंच्या मुळाशी जाऊन पडून राहतो, जन्मभर. मधून मधून वर येतो. फोड दिसत नसतानासुद्धा कातडीवर असू शकतो आणि दुसऱ्याला लागू शकतो. ओठावरून ओठावर जातो, तसा तोंडावरून खालीही जातो." त्यांनी पेन खाली ठेवलं. "म्हणून विचारते, आणि लाजायचं कारण नाही, मी रोज विचारते. तुम्ही दोघं संबंधात तोंडाचा वापर करता का?"

"छे!" नवरा खुर्चीतून उठलाच. "असलं आमच्यात चालत नाही."

मी त्याच्याकडे बघत राहिले. बाईंनी ते बघितलं आणि जास्त खोदलं नाही. मला म्हणाल्या, गोळ्या पूर्ण करा. विषाणू अंगातून जाणार नाही, पण दबेल. हा प्रकार खाली परत परत येत नाही सहसा, आणि पहिल्यासारखा त्रास तर बहुधा नाहीच. बादली, टॉवेल, संडास ह्यांच्यावरून तो पसरत नाही. फोड असताना संबंध ठेवायचे नाहीत. ह्याच्या ओठावर असेल तेव्हा ह्याने तोंड लावायचं नाही, आणि कुणाच्या तान्ह्या बाळाचा मुका तर मुळीच घ्यायचा नाही, बाळांना तो जिवावर बेतू शकतो.

"पण खात्रीने सांगता येईल का तुम्हाला?" नवरा दारातून वळला. "की माझ्याकडूनच गेलं?"

"शपथेवर? नाही. कुठलीच तपासणी ते सांगत नाही, कुणाकडून आला आणि कधी. पण साधा सरळ रस्ता समोर दिसत असताना..."

"म्हणजे खात्रीने नाही," तो म्हणाला.

रस्त्यात मी त्याला गाठलं. फुटपाथवर, सायकलच्या दुकानाबाहेर, हवा भरायच्या पंपाच्या आवाजात. "आमच्यात चालत नाही? मग मुलगी हॉस्टेलवर गेल्यापासून काय चालू होतं? मी नको म्हणत होते ना, लाज वाटते म्हणत होते ना? कोण म्हणत होतं, आता घर आपलंच आहे, लाजतेस काय?"

तो इकडेतिकडे बघायला लागला. "हळू बोल."

"हळू नाही बोलणार. खरं की खोटं?"

"खरं." अगदी पुटपुटला. मग केविलवाणा झाला. "मला काय माहीत होतं? उष्णता समजत होतो मी. मुद्दाम केलं का मी?"

"मुद्दाम केलं म्हणतंय कोण? माहीत नव्हतं, झालं. त्याचा मला रागही नाही. पण रविवारी आईंच्या आणि माझ्या भावाच्या समोर एवढंच म्हणायचं, हे माझ्याकडून गेलं, हिचा काही दोष नाही. कसं गेलं ते सांगू नका. एवढं एक वाक्य."

"म्हणतो," तो म्हणाला. वर माझ्या हातातली पिशवीही घेतली. आणि मी वेडी, घरापर्यंत हलक्या पायांनी चालत आले. मनात म्हटलं, माणूस वाईट नाही, नुसता मानाचा भुकेला आहे.

रविवारी भाऊ आला. माझ्याहून लहान, बँकेत आहे, गरीब स्वभावाचा. दाजींनी फोनवर काय सांगितलं होतं देव जाणे, तो माझ्याकडे बघतच नव्हता, पंख्याकडे बघत होता. सासूबाईंनी त्याला चहा दिला. माझा कप वेगळा, कान तुटलेला, तो मी घेतलाच नाही. नवरा पलंगाच्या कडेवर बसला. मी दाराला टेकून उभी.

"डॉक्टरकडे जाऊन आलो," नवऱ्याने घसा साफ केला. "त्या म्हणाल्या, हा विषाणू पुष्कळ लोकांत असतो. कुणाकडून आला, हे खात्रीने सांगता येत नाही."

आणि चहाचा घोट घेतला.

मी वाट बघितली. म्हटलं, आता पुढचं म्हणेल. तो बशीत बघत होता.

"पुढे?" मी म्हणाले.

"पुढे काय?"

"अहो, रस्त्यात कबूल केलंत ते म्हणा."

त्याने माझ्याकडे अशा डोळ्यांनी बघितलं, जशी काही मी त्याच्या गळ्यावर सुरी धरलीय. मग भराभरा, एका दमात, "माझ्याकडून गेलं असेल कदाचित," म्हणाला.

सासूबाईंनी कप आपटला. "तुझ्याकडून? म्हणजे तू बाहेर जातोस?"

"नाही, आई! तुझी शपथ! मी कधीच कुणाकडे—"

"मग तुझ्याकडून कसं?"

झालं. बाहेर गेलो म्हणावं तर आईच्या नजरेतून उतरतो, आणि घरात काय केलं ते सांगावं तर त्याहून खाली. त्याने बशीतला चहा परत कपात ओतला. आणि तो बोलत नाही असं दिसल्यावर सासूबाईंची नजर हळूहळू माझ्यावर आली, भावाचीही आली. मला दिसलं, अजून थोडं हे असंच चाललं तर माझा निकाल लागला.

मग मी सांगितलं. कुठलाही शब्द न गिळता. "ह्यांच्या ओठावर जे उठतं ना, ती उष्णता नाही, तोच विषाणू. लहानपणी मुक्यातून आला असेल म्हणाल्या डॉक्टरीणबाई. म्हणजे आई, तुमच्या ओठावरही उठतं, तुमच्याकडूनच आला असेल, त्यात तुमचाही काही दोष नाही. आणि ह्यांच्याकडून मला, कारण ह्यांनी तिथे तोंड लावलं. मी नको म्हणत असताना. हे असं आहे. ह्यात कुणी परका माणूस नाही."

भाऊ लाल झाला. चहा खाली ठेवताना सांडला. सासूबाईंनी दोन्ही कानांवर हात ठेवले. "शी, शी! काय बाई आहे ही! भावासमोर! माझा मुलगा असला घाणेरडा नाही!" आणि हात काढून, पोराकडे वळून, एकदम बारीक आवाजात, "नाहीस ना रे?"

खोलीत तिघं त्याच्याकडे बघत होतो. खरं सांगते, त्या क्षणीसुद्धा मला वाटलं, सांगेल. रस्त्यावर सांगितलं होतं की. हिंमत नको त्याला, नुसती मान हलवली असती तरी चाललं असतं.

"हिला वेड लागलंय," माझा नवरा म्हणाला. "मी असलं कशाला करू? डॉक्टरसमोरही मी हेच सांगितलं, विचार जाऊन."

आणि हे म्हणताना त्याच्या ओठावरचं मलम तसंच होतं, पांढरं.

सासूबाईंनी सुटकेचा श्वास टाकला, तो मला ऐकू आला. नंतर कुणी काही विचारलं नाही. भाऊ उठला, कोपऱ्यात माझी बॅग सकाळपासून भरून ठेवलेली होती, सासूबाईंनीच भरलेली, ती त्याने उचलली. "चल ताई," म्हणाला. माझे पाय आपोआप त्याच्या मागे गेले. लग्नात असेच गेले होते, कुणीतरी चल म्हटल्यावर.

जिन्याच्या वळणावर तो थांबला. वर-खाली बघितलं, कुणी नाही ना. "तू काळजी करू नकोस," म्हणाला. "मी घरी सगळं समजावलंय. तुझ्या भावजयीने तुझ्यासाठी वेगळी बादली काढून ठेवलीय, टॉवेलही वेगळे. मुलांना फक्त तुझ्या खोलीत येऊ द्यायचं नाही, बाकी काही नाही." मग माझ्या खांद्यावर हात ठेवला, ठेवता ठेवता जरा अवघडला. "आता इथे दुसरं कुणी नाही. मला खरं सांग. मी कुणाला सांगणार नाही, आईची शपथ. कोण होता तो?"

माझा धाकटा भाऊ. ह्याला मी कडेवर घेऊन फिरले होते.

मला रडू आलं असतं तर बरं झालं असतं. आला तो राग. मी त्याच्या हातातून बॅग हिसकली. "घरी जा," म्हटलं. "बादली परत जागेवर ठेव म्हणावं."

"ताई, अगं—"

"जा म्हटलं ना!"

मी वर आले. दार उघडंच होतं. नवरा उरलेला चहा पीत होता आणि सासूबाई त्याच्या पाठीवरून हात फिरवत होत्या, जणू तो आजारातून उठलाय. मला बघून दोघं थांबले. मी बॅग पलंगाच्या मधोमध टाकली.

"आता काय राहिलं?" सासूबाई कडाडल्या.

मी त्यांच्याकडे बघितलंच नाही. "मुलगी सुट्टीला येतेय," मी नवऱ्याला म्हणाले. "तिला सगळं सांगणार होतास ना तू? सांग. मी इथेच असणार आहे, तुझ्यासमोर बसून. डोळ्यांत बघून सांग तिला, काय झालं आणि कुणी केलं. तेव्हाही नाही म्हणायचं असेल तर तेव्हा म्हण."

त्याने कप बशीवर ठेवला. "आईसमोर मला अरे-तुरे करतेस?" म्हणाला, पण आवाजात काही दम नव्हता.

मी दाराकडे वळले आणि आतून कडी लावली.